विहिरीतलं नायट्रेट आणि वरची माती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाणी तपासणीच्या कागदावर नायट्रेटपुढे लाल शेरा दिसला की पहिला संशय युरियावर जातो. तो बहुतेक वेळा खोटा नसतो. पण बांधाला बांध लागून असलेल्या दोघांनी सारखाच युरिया टाकला आणि नायट्रेट एकाच्याच विहिरीत वाढलं, असंही होतं. तिथे मातीकडे बघावं लागतं. माती आणि पाणी तपासण्याच्या कामात टेबलापलीकडून जे प्रश्न येतात, ते इथे एकत्र केले आहेत.

नायट्रेट म्हणजे नेमकं काय? आमच्या विहिरीचं पाणी तर चवीला गोड आहे.

गोड असेलच. विहिरीत सापडतं तेवढ्या प्रमाणात नायट्रेटला रंग नाही, वास नाही, चव नाही. नत्राचा एक अणू आणि ऑक्सिजनचे तीन, एवढंच ते. पिकं नत्र घेतात ते मुख्यतः याच रूपात, त्यामुळे शेतात ते असायलाच हवं. मुळांच्या खाली निसटलं की तेच पाण्यातलं प्रदूषण ठरतं. येण्याच्या वाटा अनेक आहेत: युरिया, डीएपी, शेणखत, उकिरडा, गोठ्यातलं मूत्र, संडासाचा शोषखड्डा, जमिनीत कुजणारा पाला.

किती असलं की जास्त म्हणायचं?

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात लिटरला ४५ मिलिग्रॅम ही मर्यादा आहे आणि तिला सवलत नाही. जागतिक आरोग्य संघटना ५० म्हणते.

इथे एक घोळ नेहमी होतो. काही प्रयोगशाळा आकडा 'नायट्रेट' म्हणून देतात, काही 'नायट्रेट-नायट्रोजन' म्हणून. दुसऱ्या पद्धतीत फक्त नत्राचं वजन मोजलेलं असतं, म्हणून त्या आकड्याला ४.४३ ने गुणायचं. 'नायट्रेट-नायट्रोजन १२' असा कागद घेऊन लोक खुशीत घरी जातात. खरं तर ते ५३ झालं, मर्यादेच्या बाहेर.

माती पाणी गाळते म्हणतात. मग नायट्रेट का गाळत नाही?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, कारण उत्तर डोळ्यांनी दाखवता येतं. दोन प्लास्टिकच्या बाटल्या बुडाकडून कापायच्या, तोंडाला फडकं बांधायचं, उलट्या धरून दोन्हीत काळी माती भरायची. एकीत मिथिलीन ब्लूचं निळं पाणी ओतायचं, दुसरीत इओसिनचं लाल. निळ्या बाटलीखाली पाणी येतं ते जवळजवळ स्वच्छ. लाल बाटलीखाली लालच येतं.

चिकणमातीच्या कणांवर ऋणभार असतो. मिथिलीन ब्लूवर धनभार, त्यामुळे ते कणांना चिकटून बसतं. इओसिनवर ऋणभार, माती त्याला जवळ करत नाही. अमोनियम हे निळ्यासारखं वागतं, नायट्रेट लालसारखं. म्हणून अमोनियमच्या रूपातलं नत्र मातीला धरून राहतं आणि नायट्रेट झालं की पाण्याबरोबर चालू लागतं.

तेव्हा नायट्रेटपुरतं 'माती गाळते' हे विसरायचं. माती पाण्याला उशीर लावते. तेवढ्या उशिरात मुळांनी नायट्रेट उचललं, किंवा जिवाणूंनी त्याचा वायू करून हवेत सोडला, तर विहीर वाचते. कोणती माती किती उशीर लावते आणि त्या वेळात काय घडू देते, यावर पुढची सगळी उत्तरं अवलंबून आहेत.

युरिया टाकल्यावर त्याचं नायट्रेट व्हायला किती दिवस लागतात?

आपल्याकडच्या उबेत आणि वाफसा असलेल्या जमिनीत युरियाचं अमोनियम साधारण तीन ते सात दिवसांत होतं. त्यापुढे अमोनियमचं नायट्रेट व्हायला दोन ते चार आठवडे. हे काम जिवाणू करतात आणि त्यांना हवा, ओल आणि ऊब तिन्ही लागतात. आपल्या जूनमध्ये तिन्ही हजर असतात.

पहिल्या दोन-तीन दिवसांत युरिया अजून युरियाच असतो. त्याच्या रेणूवर कुठलाच भार नसतो, म्हणून तोही पाण्याबरोबर सरकतो. युरिया फेकून लगेच पाट सोडायचा आणि वाफा तुडुंब करायचा, ही सवय हलक्या जमिनीत महाग पडते ती यामुळे. उलट चुनखडीच्या, जास्त सामूच्या (पीएचच्या) काळ्या जमिनीत युरिया वरच पडून राहिला तर अमोनिया होऊन उडतो. ते नत्र विहिरीत जात नाही, पण खिशातून जातंच. मातीत थोडा झाकून, वाफशावर, बेताचं पाणी, ही जुनी रीत दोन्हीकडे लागू पडते.

मुरमाड, हलक्या जमिनीत हा त्रास जास्त का?

तीन कारणं आहेत आणि तिन्ही एकमेकांना हात देतात.

पहिलं म्हणजे पोट लहान. मीटरभर खोल भारी काळी जमीन उन्हाळ्यानंतर साधारण २०० मिलिमीटर पाणी पोटात घेते, तेव्हा कुठे खाली पाणी सोडते. फूटभर मुरमाड जमिनीचं पोट ३०-३५ मिलिमीटरला भरतं. मृगाची एक चांगली सर झाली की त्याच्या पुढचं सगळं पाणी खाली, आणि जाताना विरघळलेलं नायट्रेट सोबत.

दुसरं कारण वेग. जमीन ओली झाल्यावर आणखी ५० मिलिमीटर पाणी झिरपलं असं समजू. भारी जमिनीत ओलीचं प्रमाण घनफळाच्या ४० टक्क्यांच्या आसपास असतं, तिथे हे पाणी नायट्रेटला सुमारे १२५ मिलिमीटर, म्हणजे पाच इंच खाली ढकलतं. हलक्या जमिनीत ओल १५ टक्के धरली तर तेच पाणी त्याला ३३० मिलिमीटर नेतं. तेरा इंच झाले, आणि मातीच मुळात बारा इंच आहे. एका पावसात नायट्रेट मुळांच्या हद्दीबाहेर मुरमात.

तिसरं, हवा. हलक्या जमिनीत हवा खेळती असते, म्हणून अमोनियमचं नायट्रेट झपाट्याने होतं आणि नायट्रेटचा वायू करणाऱ्या जिवाणूंना काम मिळत नाही, कारण त्यांना कोंडलेली, हवा नसलेली जागा लागते. त्यातून सेंद्रिय कर्बही कमी, म्हणजे त्यांना खायलाही नाही.

म्हणजे भारी काळ्या जमिनीत धोका नाही?

असं मीही बरीच वर्षं सांगत होतो. अर्धंच बरोबर आहे.

बरोबर असलेला अर्धा असा: काळी माती पाणी धरून ठेवते, मुळांना वेळ देते. पावसाळ्यात फुगून छिद्रं बंद झाली की आत हवा राहत नाही, मग जिवाणू नायट्रेटमधला ऑक्सिजन वापरतात आणि नत्र वायू होऊन उडून जातं. भातखाचरात हेच होतं. त्या वायूत थोडा नायट्रस ऑक्साइडही असतो, जो हवामानाला वाईट, पण विहिरीपुरतं बघितलं तर सुटका.

उरलेला अर्धा बघायचा असेल तर मे महिन्यात रानात जा. काळी जमीन वाळली की आकसते आणि तिला भेगा पडतात. बोटभर रुंदीच्या भेगेत मी मोजपट्टी सोडली आहे, ती दोन फूट सरळ खाली जाते आणि मग कुठेतरी वळते. कोपरापर्यंत हात जाईल अशा भेगा आपल्याकडे नवलाच्या नाहीत. आता पहिला वळवाचा जोरदार पाऊस पडला असं समजा. वरचे चार इंच भिजायच्या आधीच पाणी भेगांमध्ये घुसतं आणि थेट तळाच्या मुरमाला भेटतं. मातीच्या पोटाचा, तिच्या संथपणाचा इथे काही उपयोग नाही, कारण पाणी मातीतून गेलेलंच नसतं. वर उन्हाळी खत विस्कटलेलं असेल, तर तेही त्याच्यासोबत.

भेगा फुगून मिटायला वेळ लागतो. तोवरचे पाऊस सगळ्यात धोक्याचे. म्हणून काळ्या रानात रोहिणीच्या आधी युरिया किंवा कच्चं शेणखत उघड्यावर टाकून ठेवू नये. एप्रिलमध्ये वखराची पाळी देऊन वरचा थर भुसभुशीत ठेवला तर भेगांची तोंडं बुजतात. म्हातारी माणसं ओल टिकावी म्हणून हे करायची. नायट्रेटसाठीही ते चालतं.

पण सरकारी अहवालात तर वर्धा, अमरावती अशी काळ्या मातीच्या जिल्ह्यांचीच नावं आहेत?

आहेत. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात देशातल्या ४४० जिल्ह्यांत कुठे ना कुठे नायट्रेट मर्यादेबाहेर सापडलं आणि सुमारे एक पंचमांश नमुने बाधित निघाले. सर्वाधिक बाधित म्हणून ज्या १५ जिल्ह्यांची नावं आली, त्यातले सात आपले: वर्धा, बुलढाणा, अमरावती, नांदेड, बीड, जळगाव आणि यवतमाळ.

हे वाचून 'काळी माती वाईट' असं म्हणून मोकळं होऊ नये. जिल्हा म्हणजे एक माती नव्हे. याच जिल्ह्यांत माथ्यावर बरड, उतारावर मध्यम आणि ओढ्याकाठी खोल काळी अशी चढउताराप्रमाणे माती बदलते. कापसाचं कितीतरी रान फूट-दीड फुटाच्या जमिनीवर आहे. रंग काळा असला तरी खोली हलक्या जमिनीचीच. नायट्रेटच्या बाबतीत रंगापेक्षा खोली विचारायची.

दुसरं, नमुना कोणत्या विहिरीचा आहे ते बघा. निरीक्षणाच्या विहिरी पुष्कळदा गावात किंवा गावाला लागून असतात. आपल्याकडे शेताला 'काळी' आणि वस्तीला 'पांढरी' म्हणायची जुनी चाल आहे, आणि ती मातीवरूनच पडली. पांढरीच्या मातीत पिढ्यान्‌पिढ्यांची राख, शेण, मूत्र, पडक्या भिंती मिसळलेल्या असतात. जुन्या पांढरीची टेकाडं खणून ती माती खत म्हणून शेतात टाकायचे लोक, ते उगाच नाही. उत्तरेत, बिहारकडे, जुन्या वस्त्यांच्या अशाच मातीतून सोरा काढला जाई आणि तो बंदुकीच्या दारूत जाई. सोरा म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. तर पांढरीवर आड असेल, शेजारी गोठा, उकिरडा आणि आता शोषखड्डा असेल, तर शेतात युरियाचा एक दाणा न टाकताही त्या आडात नायट्रेट सापडेल.

आपली विहीर शेताची शिकार आहे की वस्तीची, हे ठरवायची एक ढोबळ खूण आहे: नायट्रेटसोबत क्लोराइड आणि मैल्यातले जिवाणूही वाढले असतील तर वस्तीकडे बोट जातं.

शोषखड्डा तर शासनच घ्यायला सांगतं. तो घ्यायचा की नाही?

सांडपाण्याचा घ्या, डास कमी होतात. पण विहिरीच्या उताराच्या वरच्या अंगाला नको, आणि खड्डा मुरमाला भिडेल इतका खोल तर मुळीच नको. पाणी चटकन मुरतं म्हणून लोक मुद्दाम मुरूम लागेपर्यंत खणतात. जे चटकन मुरतं ते चटकन विहिरीतही पोचतं. वर मातीचा थर ठेवून उथळ, पसरट खड्डा आणि पाण्यावर केळी किंवा अळू असेल तर नत्र उचललं जातं.

मातीखालच्या खडकाचा काही संबंध आहे का?

मोठा आहे. महाराष्ट्राचा बहुतांश भाग बेसाल्टवर बसलेला आहे. मातीखाली मुरूम, त्याखाली फुटलेला किंवा भोकाभोकांचा खडक, ज्याला विहीर खणणारे मांजऱ्या म्हणतात, आणि मग काळा पाषाण. पाणी राहतं ते मुरमात आणि फटींत. हे सगळं उथळ असतं, म्हणून आपल्या विहिरींना पावसाळ्यात दोन-चार पावसांतच पाझर फुटतात. पाणी लवकर येतं त्याचा आनंद असतो, पण त्या पाण्याने मातीत घालवलेला वेळही तेवढाच कमी असतो.

तापी-पूर्णेच्या गाळाच्या पट्ट्यात उलटं चित्र आहे. रावेर, यावलकडे गाळ खोल आहे आणि पाणीपातळी फार खाली गेलेली. इथे आज मुळांखाली गेलेलं नायट्रेट पाण्यापर्यंत पोचायला पुष्कळ काळ लागतो. पण वाटेत ते सहसा नाहीसं होत नाही, कारण त्या खोलीवर जिवाणूंना लागणारा कर्ब फारसा नसतो. केळीला झाडामागे २०० ग्रॅमच्या आसपास नत्राची शिफारस आहे. दीड मीटर बाय दीड मीटर लागणीत हेक्टरी ४,४४४ झाडं, म्हणजे जवळपास ८९० किलो नत्र. त्यातलं जे निसटतं, ते वाटेत आहे असंच धरून चालावं.

बोअर मारली तर?

खोल बोअरच्या पाण्यात नायट्रेट सहसा कमी असतं. केसिंग, म्हणजे बोअरच्या भोकात घातलेला पाइप, मुरमातच अर्धवट सोडलं असेल तर मात्र वरचं पाणी बाजूने खाली उतरतं, आणि मग खर्च करून आपणच वरच्या घाणीला खालची वाट करून दिलेली असते.

कोकणात आणि गोव्यात हा प्रश्न का ऐकू येत नाही?

जांभ्याच्या मातीत लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं भरपूर, आणि माती आम्ल. अशा मातीच्या खालच्या थरांत थोडा धनभारही तयार होतो, त्यामुळे ती नायट्रेटला किंचित धरून ठेवते. वरच्या बाटलीच्या प्रयोगात रत्नागिरीकडची लाल माती खालच्या थरातून आणून भरली तर लाल रंग काळ्या मातीइतका सहज उतरत नाही, म्हणून शिकवताना माती कुठली हे सांगावं लागतं. शिवाय तिथे अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस. नायट्रेट विरळ होतं आणि बरंचसं व्हाळांतून समुद्राला जातं. तरी घराघराला विहीर आणि दहा पावलांवर सेप्टिक टँक अशी रचना असलेल्या वाड्यांनी निश्चिंत राहू नये. जांभा भोकाभोकांचा असतो.

नेमका किती युरिया वाया गेला की विहीर मर्यादेबाहेर जाते?

हा हिशेब एकदा कागदावर करून बघा, मग विसरत नाही. एकरात पावसाचे १०० मिलिमीटर पाणी मुरून विहिरीच्या साठ्यात गेलं असं धरू. म्हणजे सुमारे चार लाख लिटर. त्या चार लाख लिटरचं नायट्रेट ४५ वर न्यायला फक्त चार किलो नत्र लागतं. युरियात ४६ टक्के नत्र, म्हणजे नऊ किलोही युरिया नको. हल्ली गोणी ४५ किलोची येते. तिचा पाचवा हिस्सा.

प्रत्यक्षात सगळं रान खताचं नसतं, आजूबाजूचं स्वच्छ पाणी मिसळतं, म्हणून प्रत्येक विहीर लगेच बिघडत नाही. पण सुरू हंगामातल्या उसाला हेक्टरी २५० किलो नत्राची शिफारस आहे, म्हणजे एकरी १०० किलो. त्यातले चार किलो निसटायला कुणी निष्काळजी असायची गरज नाही.

सेंद्रिय शेती केली की नायट्रेटचा प्रश्न संपतो ना?

नाही. शेणखतातलं नत्रही शेवटी नायट्रेटच होतं, जिवाणूंना गोणीचा छाप वाचता येत नाही. फरक वेगाचा आहे. चांगलं कुजलेलं शेणखत नत्र हळू सोडतं, मातीचा कर्ब वाढवतं, ओल धरायची ताकद वाढवतं. हे तिन्ही फायद्याचं. पण पीक नसताना, उघड्या रानात, ट्रॉल्याच्या ट्रॉल्या कच्चं कोंबडखत टाकलं तर युरियापेक्षा वेगळं काही होत नाही.

आम्ही तर खतच टाकत नाही. तरी नायट्रेट आलं, ते कसं?

वस्तीचं कारण वर सांगितलं. दुसरं कारण स्वतः माती. इंग्लंडमध्ये रॉथॅमस्टेडच्या संशोधन केंद्रात १८७० मध्ये जमिनीचे काही ठोकळे जसेच्या तसे ठेवून खाली निचरा मोजायची सोय केली गेली. वर पीक नाही, खत नाही, नुसती उघडी माती. तिच्यातून कित्येक दशकं नायट्रेट झिरपत राहिलं. मातीतले सेंद्रिय पदार्थ कुजतात, नत्र सुटतं, आणि घ्यायला मूळच नसतं.

सोलापूरकडे रब्बी ज्वारीसाठी खोल काळी रानं पावसाळाभर मोकळी ठेवायची पद्धत आहे. ओलीच्या दृष्टीने तिच्यात शहाणपण आहे. पण कडक उन्हाळ्यानंतर पहिल्या पावसाने माती भिजली की जिवाणू एकदम जागे होतात आणि एकाच आठवड्यात भरपूर नत्र मोकळं होतं. त्या वेळी रानात उडीद, मूग किंवा ताग असेल तर ते नत्र पिकात अडकतं. पाऊसमान परवडत असेल तिथे हे करून बघण्यासारखं आहे. तुरीची मुळं खोल जातात, सोयाबीनच्या हातून निसटलेलं ती खालून उचलते; आंतरपिकाची ही बाजू कुणी फारशी बोलत नाही.

माझी जमीन किती धोक्याची आहे, घरच्या घरी कसं ओळखू?

कुदळ आणि बादली पुरे. रानात तीन ठिकाणी, माथ्यावर, मधे आणि खालच्या अंगाला, मुरूम लागेपर्यंत खड्डा घ्या आणि मातीची खोली मोजा. दीड फुटाच्या आत मुरूम लागला तर जमीन नायट्रेटच्या दृष्टीने हलकीच, रंग काहीही असो.

मग ओलसर माती तळहातावर वळा. लांब वळी होऊन तिचं कडं न तुटता वळतं ती भारी. वळी होते पण कडं तुटतं ती मध्यम. वळीच होत नाही ती रेताड.

शेवटी फूटभर खड्ड्यात दोनदा पाणी भरा. पहिलं पाणी माती पिते, ते मोजू नका. दुसरं अर्ध्या तासात दिसेनासं झालं तर तुमचं खतही तसंच जाणार आहे. दुसऱ्या दिवशीही पाणी उभं असेल तर नायट्रेटची काळजी कमी आणि निचऱ्याची जास्त. सांगली-कोल्हापूरकडच्या चोपण, म्हणजे क्षारांनी बिघडलेल्या, रानांत हेच दिसतं. तिथे निचऱ्यासाठी जमिनीखाली सच्छिद्र पाइप घालतात, त्यातून नायट्रेट विहिरीऐवजी ओढ्याला जातं, हेही लक्षात असू द्या.

जमीन हलकी निघाली. आता काय करू?

हप्ते वाढवा. दोन हप्त्यांत द्यायचं नत्र चार-पाच वेळा थोडं थोडं द्या. ठिबक असेल तर पाण्यातूनच, आणि खत सोडून झाल्यावर तासन्‌तास नुसतं पाणी चालू ठेवू नका. ठिबकनेही नायट्रेट खाली ढकलता येतं, फक्त ते कुणाला दिसत नाही. जोराच्या पावसाचा अंदाज असेल तर दोन दिवस थांबा. २०१५ पासून युरियाला निंबोळी तेलाचं आवरण सक्तीचं आहे. त्यामुळे अमोनियमचं नायट्रेट होणं काही दिवस लांबतं, हलक्या जमिनीत त्याचा उपयोग होतो, पण तेवढ्यावर विसंबू नये.

गाळ टाकून जमिनीची खोली वाढवणं हा उपाय मला खताच्या सगळ्या सल्ल्यांपेक्षा टिकाऊ वाटतो. तलावाचा गाळ बरड रानावर पसरला की पोट मोठं होतं. मात्र तो चिकट गाळ पहिल्या वर्षी भेगाळतो, मुरमात चांगला मिसळावा लागतो.

नायट्रेटचं पाणी उकळलं तर चालेल का?

नाही, उलट वाढतं. पाणी वाफ होऊन जातं आणि नायट्रेट मागे राहतं. तुरटी, क्लोरीन, कँडल, यूव्ही, यांतलं काहीही नायट्रेट काढत नाही. आरओ बराचसा काढतं, आयन-विनिमयाची यंत्रं काढतात. आरओमधून बाहेर टाकलेल्या पाण्यात नायट्रेट जास्त असतं; ते भांड्यांना वापरा, झाडांना घाला, पण विहिरीजवळ ओतू नका.

लहान बाळाला खरंच धोका असतो?

सहा महिन्यांच्या आतल्या, वरचं दूध पिणाऱ्या बाळाला असतो. पोटात नायट्रेटचं नायट्राइट होतं, ते रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजन वाहू देत नाही, आणि ओठ, नखं निळसर पडतात. १९४५ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्यात शेतावरच्या विहिरींचं पाणी आणि बाळांचं असं निळं पडणं यांचा संबंध पहिल्यांदा नीट मांडला गेला. दवाखान्यात यावर जे औषध देतात ते मिथिलीन ब्लू, आपल्या बाटलीतलंच निळं. ते काम डॉक्टरांचं. आपलं काम एवढंच, की अशा विहिरीच्या पाण्यात दुधाची भुकटी कालवायची नाही. अंगावर पिणाऱ्या बाळाला हा धोका जवळजवळ नाही.

हे पाणी पिकाला दिलं तर चालतं का?

चालतं, आणि त्याचं खत म्हणून मोल धरा. ४५ मिलिग्रॅमचं पाणी वर्षभरात १,००० मिलिमीटर दिलं तर हेक्टरी १०० किलो नत्र पाण्यातूनच गेलं. तेवढं खतातून वजा केलं तर पैसे वाचतात आणि पाणी हळूहळू स्वच्छ होतं. पाण्याचा कागद घेऊन कृषी सहायकाकडे जाणारे शेतकरी मी हाताच्या बोटांवर मोजावेत एवढेच पाहिले आहेत.

पाणी कधी आणि कुठे तपासू?

एका तपासणीवर विश्वास ठेवू नका. एक नमुना मेमध्ये, एक पाऊस सरल्यावर ऑक्टोबरमध्ये. दोन्हींतला फरक तुमच्या मातीबद्दल बोलतो: पावसानंतर आकडा उसळत असेल तर नायट्रेट वरून, ताजं येतंय, दोन्ही वेळा सारखाच उंच असेल तर ते साठ्यातच मुरलेलं आहे, किंवा शोषखड्ड्यासारखा बारमाही झरा जवळ आहे.

विहिरीचा पंप दहा-पंधरा मिनिटं चालवून, लिटरभराची स्वच्छ बाटली त्याच पाण्याने दोनदा विसळून मग भरा. थंड ठेवा आणि दुसऱ्या दिवसाच्या आत पोचवा. बाटली चार दिवस मोटारसायकलच्या डिकीत राहिली तर तपासणीचे पैसे फुकट. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळांत हे होतं. गावच्या सार्वजनिक विहिरीचा नमुना ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकामार्फत जातो, त्याला विचारलं तर मागचे आकडेही बघायला मिळतात.

ऑक्टोबरमध्ये ३० आलं. म्हणजे ठीक ना?

पिण्यासाठी आज ठीक. पाच वर्षांपूर्वीचा कागद घरात असेल तर शोधून काढा. त्यावर १२ असेल तर खड्डा घेऊन मातीची खोली बघायची वेळ झाली आहे.